सांडपाणी ते सुई : एका इंजेक्शनची कुळकथा

दरवर्षी उन्हाळ्याची सुट्टी संपवून माणसे कुवेतला परततात, शाळा उघडतात, गणपतीच्या कार्यक्रमांच्या तालमी सुरू होतात आणि कुठल्या ना कुठल्या तालमीत एखादे मूल कमी असते. चौकशी केली की आई सांगते, "देशातून आल्यापासून ताप आहे हो. टायफॉइड निघाला. रोज एक इंजेक्शन चालू आहे." कुठले इंजेक्शन, असे विचारले तर उत्तर बहुधा ठरलेले असते : सेफ्ट्रिॲक्सोन. कुवेतमध्ये ते 'रोसेफिन' म्हणून माहीत झाले, देशात 'मोनोसेफ' आणि आणखी कितीतरी नावांनी.

रुग्णालयाच्या औषधविभागात मी या इंजेक्शनच्या कुप्या तीसएक वर्षे मोजल्या, मांडल्या आणि वॉर्डात पाठवल्या. त्या काळात त्याच्या कुळाबद्दल मला फारशी उत्सुकता नव्हती. निवृत्त झाल्यावर वाचायला सवड मिळाली, तेव्हा एक गमतीची गोष्ट ध्यानात आली. हे औषध ज्या शोधातून निघाले, तो शोध मुळात टायफॉइडवरच्याच औषधाचा होता. शोधणाऱ्याला हवे ते मिळाले नाही, भलतेच सापडले. ते भलतेच जगभर फिरून, घडत-बदलत, चाळीसएक वर्षांनी पुन्हा टायफॉइडच्याच दाराशी येऊन उभे राहिले. या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात मुंबई-कुवेत अशी ये-जा करणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांचाही हात आहे, आणि तो फारसा अभिमान वाटावा असा नाही.

गोष्ट सुरू होते १९४५ साली, इटलीच्या सार्डिनिया बेटावर. महायुद्ध नुकतेच संपले होते. काल्यारी या बंदराच्या शहरात जुझेप्पे ब्रोत्सु हे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. टायफॉइड तिथे नेहमीचाच. शहराचे सांडपाणी सु सिक्कु नावाच्या ठिकाणी समुद्राला मिळे, आणि त्याच पाण्यात पोरे बिनदिक्कत पोहत. आपल्याकडचा कोणीही म्हणाला असता, ही पोरे आजारी पडणारच. पण अपेक्षेइतकी ती आजारी पडत नव्हती. ब्रोत्सुंना प्रश्न पडला, की हे पाणी स्वतःच स्वतःला शुद्ध करते की काय? त्यात जंतूंना मारणारे काही राहते की काय? पेनिसिलीनची कीर्ती तोवर झाली होती, त्यामुळे एखादी बुरशी जंतू मारू शकते ही कल्पना हवेत होतीच.

त्यांनी त्या सांडपाण्याचे नमुने घेतले आणि जुलै महिन्यात त्यातून एक बुरशी वेगळी केली, सेफॅलोस्पोरियम. ग्रीक भाषेत 'केफाले' म्हणजे डोके. या बुरशीचे बीजाणू देठाच्या टोकाला डोक्यासारखे गोळा होऊन बसतात, म्हणून हे नाव. बशीत तिच्याभोवती टायफॉइडचे जंतू वाढेनात, कॉलऱ्याचेही वाढेनात, गळवे करणारे स्टॅफिलोकोकायही वाढेनात. ब्रोत्सुंनी तिचा कच्चा अर्क काढून गळवांत टोचला, टायफॉइडच्या रुग्णांनाही दिला. आज कुठलीही नीतिसमिती याला परवानगी देणार नाही. पण गुण दिसला, एवढे खरे.

पुढे गाडी अडली. युद्धात कंबरडे मोडलेल्या बेटावरच्या प्राध्यापकाकडे ना पैसा, ना यंत्रसामग्री. औषध कंपन्यांनी लक्ष दिले नाही. शेवटी १९४८ साली ब्रोत्सुंनी आपल्याच संस्थेतर्फे निबंध छापला आणि ज्यांच्यापाशी अधिक साधने आहेत त्यांनी हे काम पुढे न्यावे अशी इच्छा व्यक्त केली. स्वतः ते पुढे राजकारणात गेले, सार्डिनियाच्या प्रादेशिक सरकारचे अध्यक्ष झाले, काल्यारीचे महापौरही झाले. युद्धकाळात त्या बेटावर काम केलेल्या ब्लाइथ ब्रुक नावाच्या एका इंग्रज आरोग्याधिकाऱ्याशी त्यांची ओळख होती. त्याच्या खटपटीमुळे हा विषय ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी यांच्या कानावर गेला आणि त्याच वर्षी बुरशीचा नमुना तिथे पोचला. फ्लोरी म्हणजे पेनिसिलीनला प्रयोगशाळेतून रुग्णाच्या खाटेपर्यंत नेणारे. नमुना योग्य हातांत पडला.

ऑक्सफर्डला एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन हे दोघे त्या अर्काची फोड करायला बसले. त्यांना एक नव्हे, निरनिराळी प्रतिजैविके सापडू लागली. पहिल्याचे नाव सेफॅलोस्पोरिन-पी. ते टायफॉइडच्या कामाचे नव्हते. दुसरे सेफॅलोस्पोरिन-एन. टायफॉइडचे जंतू मारणारे हेच. ब्रोत्सुंनी काल्यारीत जो गुण पाहिला तो याचा. पण एन म्हणजे मुळात नवे काही नव्हतेच, ते पेनिसिलीनचेच एक भावंड निघाले आणि त्याला पुढे 'पेनिसिलीन-एन' म्हणू लागले. म्हणजे ज्याच्यासाठी सारा खटाटोप केला, तो हिरा घरच्याच खाणीतला निघाला!

एन शुद्ध करता करता १९५३ मध्ये न्यूटन आणि अब्राहम यांच्या हाती एक तिसरी वस्तू लागली. ती सोबतच्या गाळासारखी होती, प्रमाण अगदी थोडे आणि जंतू मारण्याची ताकदही बेताची. तिला सेफॅलोस्पोरिन-सी म्हटले. दुसऱ्या एखाद्याने ती मोरीत ओतली असती. पण तिच्यात एक विलक्षण गुण होता. त्या सुमाराला जगभरच्या रुग्णालयांत असे स्टॅफिलोकोकाय माजले होते की पेनिसिलीन दिसताच ते एक विकर सोडून त्याचे तुकडे करीत. ते विकर या तिसऱ्या वस्तूला हात लावू शकत नव्हते. अब्राहम आणि न्यूटन यांनी १९५९ मध्ये तिची रासायनिक रचना मांडली, आणि डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी ती १९६१ मध्ये पक्की केली.

आता थोडे रसायन, पण थोडेच. जंतूभोवती एक भिंत असते. जंतू वाढताना ती सतत बांधत राहावी लागते, आणि हे काम करणारी काही प्रथिने म्हणजे जणू त्याचे गवंडी. पेनिसिलीन आणि सेफॅलोस्पोरिन या दोघांच्या पोटात चार अणूंचे एक ताणलेले कडे असते. गवंड्याला ते विटेसारखे भासते. तो ते उचलतो आणि त्याचा हात तिथेच चिकटतो. भिंत अर्धवट राहते आणि आतल्या दाबाने जंतू फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नाही, म्हणून आपण वाचतो. दोघांत फरक शेजारच्या कड्याचा. पेनिसिलीनचे पाच अणूंचे, सेफॅलोस्पोरिनचे सहा अणूंचे. त्या सहाच्या कड्यावर आणि चारच्या कड्यावरही निरनिराळ्या शेपट्या जोडता येतात. सगळी करामत त्या शेपट्यांची.

करामत रसायनज्ञांनी भरपूर केली. १९६४ मध्ये अमेरिकेच्या एली लिली कंपनीचे सेफॅलोथिन आणि इंग्लंडच्या ग्लॅक्सोचे सेफॅलोरिडिन ही पहिली इंजेक्शने बाजारात आली. त्यानंतर पिढ्यांवर पिढ्या. या औषधांच्या बाबतीत 'पिढी' हा शब्द आपल्या घराण्यांसारखाच वापरतात. पहिली पिढी गळवे, त्वचा, शस्त्रक्रिया यांत उत्तम. दुसरी त्याहून थोडी व्यापक. १९८० च्या सुमारास आलेल्या तिसऱ्या पिढीची नजर आतड्यातल्या जंतूंवर. टायफॉइडचा जंतू त्यांतलाच. होएक्स्ट-रूसेलचे सेफोटॅक्सिम, ग्लॅक्सोचे सेफ्टाझिडिम आणि बासेलच्या रोशचे सेफ्ट्रिॲक्सोन ही तिसऱ्या पिढीतली मोठी भावंडे. सेफ्ट्रिॲक्सोन स्वित्झर्लंडमध्ये १९८२ साली आले, अमेरिकेत १९८४ च्या अखेरीस.

इथे मला पुण्याच्या आगाखान पॅलेसची आठवण येते. १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा तिथे नजरकैदेत मृत्युशय्येवर होत्या. देवदास गांधींनी खटपट करून, त्या काळी दुर्मीळ असलेले पेनिसिलीन कलकत्त्याहून विमानाने मागवले. ते दर काही तासांनी सुईनेच द्यावे लागते हे कळल्यावर गांधीजींनी ते देऊ दिले नाही. २२ फेब्रुवारीला बा गेल्या. त्या अवस्थेत पेनिसिलीनने काही साधले असते असे नाही. मला आठवते ते वेगळ्याच कारणाने : दर काही तासांनी सुई. पेनिसिलीन शरीरातून इतक्या झपाट्याने बाहेर पडते की त्याला दुसरा इलाज नव्हता.

सेफ्ट्रिॲक्सोनने जे बदलले ते हेच. रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सहा ते नऊ तास लागतात. ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट धरून बसते, ८५ ते ९५ टक्के, आणि मग हळूहळू सुटत राहते. म्हणून बहुतेक आजारांत दिवसातून एकदा पुरते. मोठ्या माणसाला एक ते दोन ग्रॅम. मेंदूच्या आवरणाचा दाह असेल तर मात्र दोन ग्रॅम दर बारा तासांनी. बाहेर पडण्याच्या त्याच्या वाटा दोन आहेत, मूत्रपिंड आणि पित्त. पित्तात ते इतके साठते की सोनोग्राफीत कधीकधी खड्यांसारखी सावली दिसते. औषध थांबवले की ती आपोआप जाते, पण तोवर घाबरून पित्ताशय काढायला निघालेली माणसे मी पाहिली आहेत.

त्याचे कॅल्शियमशी वाकडे आहे. दोघे एकत्र आले की बारीक खडे धरतात. म्हणून रिंगर लॅक्टेटच्या सलाइनमध्ये ते कधी मिसळायचे नाही. नवजात बाळांत यामुळे मृत्यू ओढवल्यावर २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कडक इशारा दिला. तेव्हापासून कॅल्शियमचे सलाइन चालू असलेल्या तान्ह्या बाळाला ते द्यायचेच नाही असा नियम आहे. स्नायूत टोचले तर भयंकर दुखते, म्हणून ते लिडोकेनच्या पाण्यात कालवतात. पण लिडोकेनमध्ये कालवलेले इंजेक्शन चुकूनही शिरेतून द्यायचे नसते. पावडर पांढरी ते पिवळसर नारिंगी आणि पाण्यात विरघळल्यावर फिक्या पिवळ्यापासून चहासारखा रंग. "रंग वेगळा आला, औषध खराब आहे का?" हा प्रश्न मी हजार वेळा ऐकला असेन. नाही, रंग असा बदलतो. खराब होते ते उन्हाने. कुपी २५ अंशांखाली, उजेडापासून दूर ठेवायची असते. कुवेतमध्ये मितरिबाह येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश तापमान नोंदले गेले. आणि आपले लोक देशातून आणलेली कुपी गाडीच्या कप्प्यात ठेवून सालमियाहून फाहाहीलला जातात!

काय होत नाही, तेही सांगते. सर्दी, फ्लू, व्हायरल ताप यांवर त्याचा काडीचा उपयोग नाही. एन्टरोकोकाय आणि मेथिसिलिनला दाद न देणारे स्टॅफिलोकोकाय यांच्यावर ते चालत नाही. स्यूडोमोनासवर भरवसा ठेवता येत नाही, त्याला सेफ्टाझिडिम हवे. ज्यांना पेनिसिलीनची ॲलर्जी आहे त्यांच्यापैकी दहा टक्क्यांना सेफॅलोस्पोरिनचीही असते, असे आम्हाला शिकवले होते. तो आकडा आता जुना झाला. आरंभीच्या औषधांत पेनिसिलीनचेच अंश राहून जात, हे त्याचे एक कारण. तिसऱ्या पिढीत हा धोका बराच कमी आहे, तरी ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना सांगायला हवेच.

आपल्या भागात या औषधाचा पहिला मोठा बोलबाला टायफॉइडमुळे झाला नव्हता. १९८७ च्या हजनंतर मेंदूज्वराची साथ उसळली. तेव्हा ज्यांच्या घशात जंतू दडून बसला आहे अशा धडधाकट माणसांना काय द्यावे याचा अभ्यास सौदी अरेबियात झाला. रिफाम्पिसिनच्या दोन दिवसांच्या गोळ्यांपेक्षा सेफ्ट्रिॲक्सोनचे एकच इंजेक्शन सरस ठरले. तो निबंध 'लॅन्सेट'मध्ये १९८८ साली आला.

आता टायफॉइड. आपल्या आज्या त्याला मुदतीचा ताप म्हणत. तीन आठवड्यांची मुदत. त्यात लंघन, भाताची पेज, मुगाचे कढण, आणि मग माणूस उठला तर उठला. १९४८ साली क्वालालंपूरला थिओडोर वुडवर्ड आणि त्यांचे सहकारी क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध दुसऱ्याच एका तापासाठी तपासत होते. त्यांच्या रुग्णांत चुकून टायफॉइडचे शिरले आणि तेच बरे झाले. मुदत मोडली. चोवीस वर्षे ही चैन टिकली. १९७२ मध्ये केरळात कालिकतला क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणाऱ्या टायफॉइडची साथ आली. १९८०च्या दशकाच्या शेवटापासून भारतभर असा जंतू पसरला की क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलीन आणि कोट्रायमॉक्साझोल या तिघांनाही तो दाद देईना. आणि योगायोग असा, की १९८८ मध्येच ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रातल्या डॉक्टरांनी टायफॉइडच्या रुग्णांवर सेफ्ट्रिॲक्सोन आणि क्लोरॅम्फेनिकॉल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. बुरशी काल्यारीच्या सांडपाण्यातून निघून, वेगळे रूप घेऊन, ब्रोत्सुंच्या मूळ प्रश्नापाशी परतली ती अशी.

माझ्या घरी ती १९९६ च्या सप्टेंबरात आली. मुलगा नऊ वर्षांचा. जुलै-ऑगस्ट कराडजवळच्या गावी आजीकडे काढून परतलो होतो. दोन आठवड्यांनी ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, सकाळी थोडा उतरायचा, रोज कालच्यापेक्षा जरा वर. मी औषधशास्त्र शिकलेली बाई. पण बॅगेत गावच्या डॉक्टरांनी "असू द्या जवळ" म्हणून दिलेली कोट्रायमॉक्साझोलची बाटली होती, आणि मी ती तीन दिवस पाजली. मुस्तौसफमध्ये जाऊन रांगेत बसायचा कंटाळा, दुसरे काही कारण नाही. चौथ्या दिवशी पोराची जीभ पांढरी, डोळे खोल. रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आधी काय दिले?" मी सांगितले. ते काही बोलले नाहीत, फक्त लिहून घेतले. माझ्या नोकरीच्या ओळखपत्राकडे त्यांचे लक्ष गेले होते, हे मला दिसले.

रक्ताच्या कल्चरचा अहवाल आला. टायफॉइड, आणि तीन औषधांपुढे तेच एक अक्षर : दाद देत नाही. त्या तिघांत कोट्रायमॉक्साझोल होतेच. सेफ्ट्रिॲक्सोन सुरू झाले. मला वाटले, आता उद्या ताप उतरेल. उतरला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. देशातून फोनवर सासूबाई विचारत, "अगं, पोटात पेज तरी जातेय का?" आणि मी डॉक्टरांच्या मागे लागले की औषध बदला. त्यांनी शांतपणे समजावले. टायफॉइडचा जंतू आपल्याच पेशींच्या आत लपून बसतो आणि हे औषध पेशीच्या आत फारसे शिरत नाही. बाहेर पडेल त्याला ते गाठते. त्यामुळे औषध लागू पडत असले तरी ताप उतरायला चार ते सहा दिवस जातात. पाचव्या रात्री पोराला दरदरून घाम आला. सकाळी त्याने वरण-भात मागितला.

ही मुले तिथे जाऊन इतकी का आजारी पडतात, याचे उत्तर कुवेतच्या पाण्याच्या इतिहासात आहे. जुन्या कुवेतला गोडे पाणी जवळजवळ नव्हते. शत्त-अल-अरबचे पाणी गलबतांतून, टाक्यांतून भरून आणत आणि कातडी पखालींतून दारोदार विकत. १९५३ मध्ये समुद्राच्या पाण्याची वाफ करून गोडे पाणी बनवणारा पहिला मोठा कारखाना सुरू झाला, आणि त्यानंतर नळाला येते ते बहुतांशी उकळून पुन्हा धरलेले पाणी. अशा पाण्यावर वाढलेल्या मुलाच्या शरीराला टायफॉइडच्या जंतूची ओळखच नसते. आपण मात्र सुट्टी घेतो ती नेमकी पावसाळ्यात. विहिरींत गढूळ पाणी उतरते, नळाच्या फुटक्या जोडांतून गटार शिरते, आणि पोरे एस. टी. स्टँडवर बर्फाचा गोळा मागतात. कुवेतच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयातील टायफॉइडच्या रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतीय उपखंडातून आलेल्यांचाच भरणा होता. त्याच वर्षी त्याच रुग्णालयातून सिप्रोफ्लॉक्सासिन निकामी ठरल्याची एक केसही नोंदली गेली. म्हणजे तोंडाने घ्यायच्या आणखी एका औषधाचा पाया खचला आणि सगळा भार सेफ्ट्रिॲक्सोनवर आला.

भार वाढायला स्वस्ताईचाही हातभार लागला. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाला नव्हे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला संरक्षण दिले, आणि २००४ च्या अखेरपर्यंत तसेच चालले. आपल्या कारखान्यांनी तिसरी पिढी आपापल्या पद्धतीने बनवून तिची किंमत खाली आणली. गरिबाला त्यामुळे जीवदान मिळाले, यात शंका नाही. पण तीच कुपी तालुक्याच्या गावी साध्या तापालाही टोचली जाऊ लागली. आम्हा मराठी माणसांचे इंजेक्शनवर एक विशेष प्रेम आहे. गोळी लिहून दिली तर डॉक्टर कच्चा, सुई टोचली तर हुशार! गांधीजींच्या अगदी उलट टोक.

जंतूंनीही आपले काम केले. १९८९ मध्ये म्युनिकला एका जंतूत सेफोटॅक्सिम तोडणारे विकर सापडले. त्याला नाव दिले सीटीएक्स-एम. सीटीएक्स म्हणजे सेफोटॅक्सिम आणि एम म्हणजे म्युनिक. त्याचा पंधरावा प्रकार, सीटीएक्स-एम-१५, १९९९ मधील दिल्लीच्या नमुन्यांत प्रथम ओळखला गेला. हा सेफ्ट्रिॲक्सोनही फस्त करतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुवेतमधील अशा ई. कोलाय आणि क्लेब्सिएला जंतूंत याच पंधराव्या प्रकाराचे प्राबल्य दिसले, रुग्णालयातल्या रुग्णांत आणि घरी राहणाऱ्यांतही. तो कोणाच्या बॅगेतून आला हे विचारण्यात अर्थ नाही. असे जंतू आतड्यात बसून, कसलाही त्रास न देता, विमानाने फिरतात.

२०१६ च्या अखेरीस सिंधमधील हैदराबादेत तोच पंधरावा प्रकार टायफॉइडच्या जंतूत शिरला आणि सेफ्ट्रिॲक्सोनला न जुमानणाऱ्या टायफॉइडची मोठी साथ आली. 'ते पाकिस्तानात' असे म्हणून मीही पान उलटले होते. मग २०२१ मध्ये एक निबंध आला, ज्याच्या शीर्षकातच मुंबई होती. तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनला दाद न देणारा टायफॉइड मुंबईत फिरतो आहे, असे त्याचे म्हणणे. विकर वेगळे, एसएचव्ही-१२. रुग्ण थोडे. पण मुंबई म्हणजे आपल्या विमानाचे पहिले ठिकाण. असा जंतू भेटला तर बहुधा तोंडाने घ्यायचे ॲझिथ्रोमायसिन आणि शिरेतून द्यायची मेरोपेनेमसारखी महाग औषधे, एवढेच हाताशी उरते.

भारतात १ मार्च २०१४ पासून तिसऱ्या पिढीची ही औषधे 'शेड्यूल एच-१'मध्ये गेली. दुकानदाराने डॉक्टरचे, रुग्णाचे आणि औषधाचे नाव वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. लाल चौकटीतला इशारा वेष्टनावर असतोच. तरीही निघण्याच्या आदल्या दिवशी ओळखीच्या दुकानातून "दोन कोर्स बांधून द्या" म्हणणारे आपलेच लोक मला माहीत आहेत. त्यांच्यावर मी रागावत नाही, कारण १९९६ ची बाटली मी विसरलेले नाही.

एक बातमी मात्र आपल्या मुलखाला शोभेशी आहे. हैदराबादच्या भारत बायोटेकने बनवलेली टायफॉइडची संयुग्मित लस सरकारी मोहिमेतून देणारी जगातली पहिली यंत्रणा म्हणजे नवी मुंबई महानगरपालिका. २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तिने नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ही लस टोचली. एकच डोस. प्रवासाला निघायच्या निदान दोन आठवडे आधी घेतली, तर शरीराला तयारीला वेळ मिळतो.

गेल्या मे महिन्यात मुलाने आपल्या सहा वर्षांच्या लेकीला ती देऊन घेतली आणि मग कराडला नेले. परत आल्यावर आठवड्याभराने तिला ताप आला. मी बॅगेकडे पाहिले नाही, मुलानेही नाही. डॉक्टरांनी विचारायच्या आधीच त्याने सांगितले, "काहीही दिलेले नाही, फक्त पॅरासिटामॉल." कागदावर दोन दिवसांचे तापमान लिहून आणले होते. कल्चरसाठी रक्त काढताना नात मनसोक्त रडली. बाटलीत काही उगवले नाही. ताप चौथ्या दिवशी आपोआप गेला आणि ती तालमीला गेली, ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा.